शेक चुकवायचा नाही

“मॅडम, मशीन चालू हाय का?” मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विभागातला फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न हाच यायचा. जतहून, कवठे महांकाळहून, सांगोल्याहून, सीमेपलीकडच्या अथणीहून. मशीन चालूच होतं. करोना आला म्हणून ते बंद ठेवायचं नाही, हे आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. अडचण होती ती फोन करणाऱ्याने मशीनपर्यंत यायचं कसं, ही.

सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. डोस किती आणि कुठे द्यायचा हे डॉक्टर ठरवतात, त्याचा आराखडा फिजिसिस्ट संगणकावर तयार करतात, आणि रोज रुग्णाला टेबलावर झोपवून, मिलिमीटरच्या हिशेबाने जागेवर आणून, प्रत्यक्ष शेक, म्हणजे किरणांचा त्या दिवसाचा डोस, देतो आम्ही. करोनाच्या काळातल्या आयसीयूबद्दल आणि ऑक्सिजनबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, ते लिहायलाच हवं होतं. पण त्याच दिवसांत रुग्णालयांच्या तळमजल्यांवर, जाड काँक्रीटच्या भिंतींआड, हेही काम चालू होतं. त्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो त्यातलं बरंचसं आता मागे पडत चाललंय, आणि ते पडू नये म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शेक चुकवायचा का नसतो ते सांगते. किरणांचा सगळा डोस एकदम देत नाहीत. किरणांचा मार कॅन्सरच्या पेशींना बसतो तसा शेजारच्या निरोगी पेशींनाही बसतो. निरोगी पेशी पुढच्या दिवसापर्यंत तो बऱ्यापैकी भरून काढतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून डोस रोज थोडा थोडा द्यायचा. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण ६६ ते ७० ग्रे (ग्रे हे या डोसचं माप) ३३ ते ३५ शेकांत, आठवड्याला पाच, असे जवळपास सात आठवडे लागतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून २५ शेक, मग आतून द्यायचे शेक, आणि हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं.

मध्येच खंड पडला तर काय होतं? उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरपेशी आधीपेक्षा जास्त वेगाने वाढायला लागतात. त्या वेळी सुट्टी पडली तर तिचा फायदा त्यांनाच. या दोन्ही कॅन्सरांत उपचार ठरल्यापेक्षा लांबला, की आजार आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक टक्क्याने उतरते. टाळेबंदीत दहा दिवस घरी अडकलेल्या माणसाचं किती नुकसान झालं, हे यावरून कळेल. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे गेली तरी झाली म्हणजे पुरी होते. अर्ध्यावर थांबलेला शेक महिन्याने तिथून पुढे सुरू करता येत नाही.

आणि नेमकं २४ मार्चच्या रात्री सगळं थांबलं. एसटी बंद, वडाप बंद, लॉज बंद, खानावळी बंद. त्याच आठवड्यात इस्लामपुरातले रुग्ण सापडल्याने आमचा जिल्हा रोज टीव्हीवर होता, त्यामुळे गावागावांनी वेशीवर काटेरी झुडपं टाकून रस्ते अडवले. रुग्णालयात जायला परवानगी आहे, असं आदेशात लिहिलेलं होतं. पण वेशीवरच्या पोरांनी आणि नाक्यावरच्या होमगार्डने तो आदेश वाचलेला नव्हता. शिवाय कॅन्सरच्या रुग्णाला ताप नसतो, सलाइन नसतं, तो गाडीवर मागे बसून चालल्यासारखाच दिसतो. “आजारी कोण हाय ह्यात?” असं विचारून परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत. मग आम्ही प्रत्येक रुग्णाला रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात शेक कधीपासून कधीपर्यंत, रोज येणं का गरजेचं, आणि खाली ठळक अक्षरांत डॉक्टरांचा मोबाइल नंबर. पोलिसांच्या पासपेक्षा त्या नंबराचा उपयोग जास्त झाला. डॉक्टर नाक्यावरच्या हवालदाराशी बोलायचे आणि माणूस सुटायचा.

सीमेपलीकडच्यांचे हाल वेगळे. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की पुढे कागवाड, तिथून कर्नाटक. एरवी ही सीमा कुणाला जाणवतही नाही. अथणी, उगार, कागवाडच्या लोकांचा दवाखाना मिरज-सांगलीच. तेव्हा मात्र नाक्यावर दोन्ही राज्यांचे पोलीस. घरच्यांनी रुग्णाला मोटारसायकलवरून नाक्यापर्यंत आणायचं, तिथून त्याने चालत अलीकडे यायचं, आणि आमच्या ॲम्ब्युलन्सने त्याला उचलायचं, असं काही दिवस चाललं. पण रोज हे कोण करणार? शेवटी रुग्णालयाने नर्सिंगच्या वसतिगृहातल्या खोल्या रिकाम्या केल्या. मुली घरी गेलेल्याच होत्या. लांबचे रुग्ण आणि सोबतचं एक माणूस तिथे राहायला आलं. दोन वेळचं जेवण गावातल्या एका मंडळाने आणून दिलं. माझ्या मते त्या वर्षी आमच्या विभागाला ज्याने वाचवलं त्यात यंत्रांच्या बरोबरीने त्या खोल्या येतात.

मुंबईचं चित्र आणखी मोठं होतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून माणसं येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहून उपचार घेतात. लोकल थांबली तेव्हा कल्याण-विरारहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे बेस्ट आणि एसटीच्या खास गाड्यांशिवाय मार्ग उरला नाही. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल पुन्हा धावली ती १५ जूनला. तिथले डॉ. सी. एस. प्रमेश आणि डॉ. राजेंद्र बडवे यांनी एप्रिलमध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहून कॅन्सरवरचे उपचार चालू ठेवण्यामागची भूमिका मांडली. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्या लेखाने मोठा धीर दिला. टाटा चालू आहे म्हटल्यावर आम्ही बंद करण्याचा प्रश्नच उरला नाही.

पण सगळ्यांना एकदम बोलावता येत नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या आम्ही दोन तुकड्या केल्या होत्या, एकीने दुसरीचं तोंड पाहायचं नाही. एका तुकडीत लागण झाली तर दुसरीने विभाग चालवायचा. म्हणजे हात निम्मे. वेटिंगमध्ये खुर्च्या लांब लांब टाकल्या, रुग्णाला अर्धा तास आधी न येता नेमक्या वेळी यायला सांगितलं. मग कोणाला आधी घ्यायचं याची यादी करायला डॉक्टर बसले. प्रोस्टेटच्या कॅन्सरला हार्मोनचं इंजेक्शन देऊन काही महिने थांबता येतं. वय झालेल्या, अगदी सुरुवातीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या काही बायकांना गोळ्यांवर ठेवता येतं. युरोप-अमेरिकेतून आलेल्या सूचनांमध्ये असे पुढे ढकलण्याजोगे रुग्ण पुष्कळ होते. आमच्या यादीत तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचेच निम्म्याहून जास्त. तंबाखू, मिश्री, आणि कधीच न झालेली तपासणी. यातलं कुणीही ढकलण्याजोगं नव्हतं.

आता खोलीच्या आत काय चालायचं ते सांगते, कारण सहा फुटांचं अंतर आमच्या कामात ठेवताच येत नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचं डोकं हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्याचा साचा करतात. प्लास्टिकची जाळीदार शीट सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात मऊ करायची आणि गरम असतानाच त्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवायची. ती थंड होऊन घट्ट होईपर्यंत आपले दोन्ही हात त्याच्या गालांवर, हनुवटीवर. त्याचा मास्क काढलेला, त्याचा श्वास सरळ आपल्याकडे. पुढे रोज तोच साचा चढवून दोन्ही बाजूंनी क्लिपा लावायच्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोललेलं असतं, लाळ चिकट झालेली असते, खोकला येतोच. काहींच्या गळ्याला श्वासाची नळी. आम्ही पीपीई किट, एन-९५ आणि वरून फेसशील्ड घालून उभे. शील्डवर वाफ धरली की भिंतीवरच्या लेझरची लाल रेघ धूसर दिसायची, आणि ती रेघ साच्यावरच्या खुणेवर तंतोतंत पडल्याशिवाय मला खोलीबाहेर जाता येत नाही. मग थांबायचं, वाफ जाऊ द्यायची, पुन्हा बघायचं. एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या रुग्णाला वीस मिनिटं लागायची. तो उठला की टेबल, क्लिपा, हेडरेस्ट पुसून काढायचं. साचे एरवी भिंतीवरच्या मांडणीत एकावर एक असायचे, ते आता नाव लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत.

एक बाब मात्र मला फार लागली. रुग्णाला आमचं तोंड दिसत नव्हतं. पहिल्या शेकाला माणूस घाबरलेला असतो. दार बंद होतं, तो एकटा राहतो, मशीन भोवती फिरतं. एरवी आपण हसून सांगतो, “मामा, काय दुखत न्हाई, नुसतं पडून राहायचं.” किटमधून आवाजही नीट जायचा नाही. कानडी बोलणाऱ्या एका अज्जींना मी जेमतेम शिकलेलं ‘हेदरबेड्री’, म्हणजे घाबरू नका, ओरडून सांगायचे. मग आम्ही किटच्या छातीवर मार्करने आपापलं नाव लिहायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून “ती निळ्या मार्करची ताई कुठाय?” अशी चौकशी व्हायला लागली.

तापाचं कोडं वेगळंच होतं. शेकाबरोबर केमो चालू असली की पांढऱ्या पेशी उतरतात, ताप येतो. तोंड सोलल्याने खोकला, अन्न जात नाही म्हणून थकवा. हीच करोनाची लक्षणं. प्रत्येक तापाला स्वॅब, आणि सुरुवातीला अहवाल यायला दोन-दोन दिवस. तोवर शेक थांबवायचा की द्यायचा? पुढे आम्ही ठरवलं की संशयित रुग्णाला दिवसाच्या शेवटी घ्यायचं, त्याच्यानंतर खोली धुऊन रात्रभर मोकळी ठेवायची. लागण झालेल्यांपैकी ज्यांचं थांबवणं धोक्याचं होतं आणि ज्यांना टेबलावर झोपण्याइतकं बरं होतं, त्यांनाही असंच शेवटी घेतलं. ज्यांना थांबवावंच लागलं, त्यांच्यासाठी फिजिसिस्ट आणि डॉक्टर हिशेब करायचे. शनिवारी एक जादा शेक, किंवा एका दिवशी दोन, पण मध्ये किमान सहा तास सोडून, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. त्या दिवशीचा रुग्ण सकाळी आठला यायचा आणि दुपारी अडीचपर्यंत बाहेर चिंचेखाली बसून राहायचा.

बाहेरच्या लोकांच्या लक्षात न येणारी एक अडचण इरिडियमची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून जो शेक देतात त्यासाठी इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याहूनही लहान स्रोत लागतो. दर ७४ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी तो बदलावा लागतो, आणि आमचा परदेशातून येतो. विमानं थांबली, नवा स्रोत रखडला. जुना चालतो, फक्त वेळ वाढत जातो. नव्या स्रोताने आठ मिनिटांत होणारं काम त्याला सोळा मिनिटं घेतं, नंतर त्याहून जास्त. तितका वेळ त्या बाईने आत साधनं बसवलेल्या अवस्थेत पडून राहायचं. त्यात भूल देणारे डॉक्टर कोविड वॉर्डात अडकलेले. तेव्हा नेहमीच्या चार बैठकांऐवजी जास्त डोसाच्या दोन बैठकांवर आलो. ही पद्धत आपल्या देशात काही ठिकाणी आधीपासून वापरात होतीच.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. करोनाने जगभरच्या रेडिओथेरपीवाल्यांना जे करायला लावलं, ते म्हणजे शेकांची संख्या कमी करणं. एका शेकातला डोस वाढवायचा, शेक कमी करायचे. हे कुणी घाईघाईत शोधून काढलं नाही. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेला ८ ग्रेचा एकच शेक बहुतेकांना दहा शेकांइतकाच आराम देतो, हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे. गुदाशयाच्या कॅन्सरला शस्त्रक्रियेआधी पाच दिवसांत पाच शेक, हे स्वीडनच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं. आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचा ब्रिटनमधला ‘फास्ट-फॉरवर्ड’ हा मोठा अभ्यास एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९७ रुग्णालयं, ४,०९६ रुग्ण. तीन आठवड्यांत १५ शेकांनी ४० ग्रे दिलेल्यांमध्ये पाच वर्षांत २.१ टक्के जणींचा आजार त्याच बाजूला परतला, आणि एका आठवड्यात पाच शेकांनी २६ ग्रे दिलेल्यांमध्ये १.४ टक्के. इंग्लंडमध्ये त्याच महिन्यात स्तनाच्या कॅन्सरचे निम्म्याहून जास्त उपचार या पाच शेकांवर गेले. आधी ही पद्धत जवळपास कुणी वापरत नव्हतं. आपल्याकडे कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने हाच प्रश्न घेऊन २०१९ मध्येच स्वतःचा अभ्यास सुरू केला होता.

आमच्याकडे त्याआधी कित्येक बायकांना २५ शेक व्हायचे. जत तालुक्यातली बाई २५ शेकांना येते म्हणजे काय, हे मी रोज बघते. पहाटेची एसटी, दुपारची परतीची, मजुरी बुडालेली, सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा पोराचीही मजुरी बुडालेली, म्हैस शेजारणीच्या भरवशावर. काही जणी मध्येच येणं सोडतात. आम्ही फोन केला की सांगतात, “बरं वाटतंय की आता.” पाच शेकांत जर तेच होणार असेल, तर तो आठवडा या बाईच्या दृष्टीने उपचार पूर्ण होणं आणि न होणं यातला फरक असतो. हे करोनाआधीही खरं होतं.

आता एक आकडा, जो मला अस्वस्थ करतो. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची आधीच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना केली, ती २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त आली. शेक घेणाऱ्यांची संख्या २३ टक्क्यांनी घटली होती. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. पण नव्याने नोंदणी झालेले रुग्ण ५४ टक्क्यांनी घटले होते, १,१२,२७० वरून ५१,७६० वर. म्हणजे आम्ही खोलीत जे काही सांभाळलं ते आधीच दारापर्यंत आलेल्यांचं. जी साठ हजार माणसं आलीच नाहीत, त्यांचा कॅन्सर टाळेबंदीत थांबून राहिला नव्हता. उपचार चार आठवडे लांबला तरी मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या आढाव्याने दाखवलं.

आम्हाला ती माणसं दिसली, पण नंतर. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्टला सुरू झाली आणि हळूहळू गर्दी वाढली. दिवाळीनंतर एक मावशी आल्या. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, आणि होळीच्या सुमाराला पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी मिरजेला जा म्हटलं, तेवढ्यात सगळं बंद झालं, आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. “तिथं गेलं की करोना लावून घेत्यात म्हणं,” असं त्यांच्या सुनेने सांगितलं. आल्या तेव्हा पाय सुजलेला, लघवीची वाट दबलेली. २५ शेकांचा उपचार त्यांना देण्याजोगा राहिला नव्हता. रक्त थांबवण्यापुरते मोजके शेक दिले. रक्त थांबलं. त्यांनी जाताना माझ्या हातावर घरच्या शेंगांचा लाडू ठेवला, मास्क खाली करून तो मी त्यांच्यासमोरच खाल्ला. फेब्रुवारीत त्या गेल्या.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांची लस झालेली होती, १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळायला लागली होती. तरी एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात आमच्यातले बरेच जण पडले. ऑक्सिजन संपत आला, रुग्णालयाने इतर दालनं कोविडला दिली, आमचा तळमजला सोडून. तेव्हा मात्र रस्त्याचा गोंधळ झाला नाही. पत्रांचे नमुने तयार होते, वसतिगृहाच्या खोल्या ठरलेल्या होत्या, कुणाला पाच शेकांत बसवायचं याची यादी भिंतीवर लावलेली होती.

ती यादी नंतर भिंतीवरून निघाली. स्तनाच्या कॅन्सरला पाच शेक आम्ही अजूनही देतो, पण आधीइतक्या सहजपणे नाही. पुन्हा पंधराकडे, क्वचित पंचवीसकडे वळणं होतं, आणि त्याचं कारण दर वेळी वैद्यकीयच असतं असं मला वाटत नाही. सगळ्यांना पाच शेक चालतात असं मी म्हणत नाही. कोणाला चालतात हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण रुग्णाने आणि नातेवाइकांनी विचारायला काहीच हरकत नाही: “कमी शेकांत हे होतं का, आणि होत नसेल तर का?” हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

वसतिगृहाच्या खोल्या मुलींना परत गेल्या, त्यांच्याच होत्या त्या. रुग्णांसाठी वेगळ्या राहण्याच्या जागेचा अर्ज आमच्या विभागाने दिलाय. तोवर नवा रुग्ण आला की नाव-पत्ता लिहून घेताना मी त्याच्या गावातून पहिली एसटी किती वाजता सुटते तेही विचारते, आणि त्या हिशेबाने त्याचा रोजचा नंबर लावते. जत, उमदी, संख या बाजूचे सगळे अकरानंतर.